जुन्या १६१३ चे पाणी बदलताना : बेळगावच्या ऑटोनगरातील एका रेडिएटर दुकानाचा अनुभव

माझ्याकडे २००४ सालचा टाटा १६१३ ट्रक आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांचे कास्टिंग कोल्हापूरकडे पोहोचवायचे, परतताना मिळेल तो माल भरून आणायचा आणि कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की काही महिने ऊस ओढायचा, असे त्याचे वर्ष जाते. गेल्या दोन उन्हाळ्यांत या गाडीने एक विचित्र खोड धरली होती. माल भरून निपाणी सोडली आणि तवंदी घाटाचा चढ लागला की पाण्याचा काटा तांबड्या पट्टीला टेकायचा, आणि आमचे ड्रायव्हर मामा गाडी कडेला घेऊन तासभर बसून राहायचे. उलट हिवाळ्यात पहाटे रिकामी गाडी घेऊन निघाले तर संकेश्वर येईपर्यंत काटा तळातून वर उठतच नसे. एकच गाडी चढाला तापते आणि एरवी गरमच होत नाही, याचा अर्थ मला लागत नव्हता.

या काळात मी दोन वेगवेगळ्या गॅरेजांत ‘फ्लशिंग’ करून घेतले होते. दोन्हीकडे प्रकार एकच : रेडिएटरचा खालचा कॉक सोडायचा, वरून नळाची नळी लावायची, खालून जरा स्वच्छ पाणी येऊ लागले की कॉक बंद करायचा आणि वर हिरवे पाणी (कुलंट) ओतून झाकण लावायचे. पाऊण तासात गाडी मोकळी आणि पंधरा दिवसांत दुखणे पुन्हा जागेवर. म्हणून तिसऱ्या वेळी इंजिनाच्या गॅरेजात न जाता मी ऑटोनगरातील केवळ रेडिएटरचे काम करणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मेस्त्रींनीच तशी विनंती केली. एक शेड, एक मेस्त्री आणि दोन पोरे एवढ्यावर चालणाऱ्या दुकानाला याहून मोठी रांग झेपणार नाही, असे त्यांचे म्हणणे. खूण मात्र सांगता येईल. दारात एका जुन्या रेडिएटरचा आडवा कापलेला कोर, म्हणजे नळ्यांचा मधला भाग, तारेने टांगलेला आहे आणि त्याच्या नळ्यांत साचलेला पांढरट-तांबूस थर येणाऱ्या प्रत्येकाला दिसतो.

सोमवारी सकाळी नऊला गाडी दारात लावली. बोनेट उघडताच कामाला लागलेल्या पोराने झाकणाजवळ जाऊन हात मागे घेतला आणि म्हणाला, “बिसि ऐतिरी, तडीरी.” गरम आहे, थांबा, एवढाच त्याचा अर्थ; पण या दुकानाचे सगळे वेगळेपण त्या थांबण्यात आहे, हे मला दुपारपर्यंत कळले. इंजिन हाताला कोमट लागेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन तास, कुणीही झाकणाला हात लावला नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि येथे उघड्या भांड्यातले पाणी ९७-९८ अंश सेल्सिअसलाच उकळते. रेडिएटरच्या बंद झाकणाखाली दाब असतो म्हणून तेच पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. दर पौंड दाबामागे उकळबिंदू साधारण दीड अंशाने वर सरकतो. झाकण उघडले की दाब एकदम जातो, आत दडपलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. ही गोष्ट ठाऊक नसलेला ड्रायव्हर आमच्या भागात सापडणार नाही, तरीही घाटात घाई करून हात भाजून घेणारे दरवर्षी भेटतातच. इंजिनाच्या तापलेल्या ब्लॉकमध्ये एकदम गार पाणी ओतले तर त्यावरच्या हेडला, म्हणजे सिलिंडरांच्या झाकणाला, तडा जाण्याची भीती असते, हे थांबण्याचे दुसरे कारण.

झाकण उघडल्यावर लगेच पाणी सोडतील असे मला वाटले होते. मेस्त्रींनी आधी इंजिन चालू करायला लावले, उघड्या तोंडातून पाण्याकडे काही मिनिटे टक लावून पाहिले, मग तेलाची पट्टी काढून बोटावर पुसली. पाण्यातून सतत बुडबुडे येत असतील तर सिलिंडरमधला जळका वायू हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेड यांच्यामधली पट्टी) फोडून पाण्यात शिरतो आहे, असे समजायचे. तेल दुधाळ दिसले तर पाणी तेलात उतरले आहे, असे समजायचे. यातले काही निघाले असते तर त्यांनी काम घेतलेच नसते. “गाडी तापालीय म्हणून कुलंट बदलायचं नव्हं मालक, का तापालीय ते आधी बघायचं,” असे ते म्हणाले. आधीच्या दोन्ही ठिकाणी ही दहा मिनिटे कुणी खर्च केली नव्हती.

मग पाणी सोडले, तेही जमिनीवर न सोडता तोंड कापलेल्या पिंपात. गेल्या वेळी घातलेले ‘हिरवे’ चहाच्या काढ्याच्या रंगाचे होऊन बाहेर आले. मेस्त्रींनी ते चिमटीत चोळून दाखवले. बोटांना बारीक चिखल लागला. येथे माझी पहिली तक्रार नोंदवतो. रेडिएटर रिकामा होताच पोराने कॉक बंद केला आणि इंजिनाच्या ब्लॉकचा प्लग उघडण्याचा विचारही केला नाही. मी विचारल्यावर मेस्त्री त्याला रागावले खरे, पण मी विचारले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न उरतोच. या गाडीतल्या ६९७ इंजिनाचे नावच सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर व्यास यांवरून पडले आहे. सहा सिलिंडर एका ओळीत म्हणजे ब्लॉक लांब, आणि पाण्याचा पंप पुढच्या टोकाला असल्यामुळे मागच्या सिलिंडरांभोवती प्रवाह मंद होतो आणि गाळ तिथेच बसतो. केवळ रेडिएटरचा कॉक सोडून ते पाणी निघत नाही. प्लग गंजून घट्ट बसला होता. तो सैल करायला अर्धा तास गेला आणि उघडल्यावर काही क्षण काहीच आले नाही. पोराने तार घालून भोक मोकळे केल्यावर जे आले त्याला पाणी म्हणणे धाडसाचे ठरेल.

खरा शोध त्यानंतर लागला. ब्लॉक धुताना थर्मोस्टॅट काढून ठेवावा लागतो, कारण गार असताना तो बंद असतो आणि धुण्याचे पाणी अडवतो. त्यासाठी मेस्त्रींनी वरच्या होजजवळची (रबरी नळीजवळची) टोपी उघडली आणि आत थर्मोस्टॅटच नव्हता. आधीच्या कुठल्या तरी हाताने ‘गाडी तापते’ यावरचा रामबाण उपाय म्हणून तो काढून टाकला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. आपल्याकडे हा उपाय इतका रूढ आहे की त्याबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे. थर्मोस्टॅटचे काम इंजिन ठरलेल्या उष्णतेला येईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देण्याचे असते. तो काढला की पहाटेच्या थंडीत इंजिन तापतच नाही, डिझेल नीट जळत नाही आणि सिलिंडरची झीज वाढते. ज्या रचनेत हाच थर्मोस्टॅट गरम झाल्यावर बायपासची, म्हणजे रेडिएटरला वगळून जाणारी, वाट झाकतो, तिथे तो नसला की ती वाट कायम उघडी राहते आणि चढावर, जेव्हा प्रत्येक थेंब रेडिएटरमधून जायला हवा, तेव्हा काही पाणी न निवताच परत इंजिनात फिरते. माझ्या दोन उलट तक्रारींचे मूळ एकाच रिकाम्या जागेत होते. आता दोष कुणाचा याचा तपास करण्यात अर्थ नाही, पण जुना ट्रक विकत घेणाऱ्याने ही टोपी एकदा उघडून पाहावी.

रेडिएटर उतरवून त्याच्या वरच्या-खालच्या टाक्या डाख वितळवून वेगळ्या केल्या, तेव्हा उरलेले उत्तर मिळाले. मधल्या नळ्यांपैकी बऱ्याच अर्ध्या, काही पूर्ण बुजल्या होत्या. याचे कारण आमच्या पाण्यात आहे. खानापूरकडच्या पावसाळी पट्ट्यातून ईशान्येला अथणी-रायबागकडे जाल तसा पाऊस कमी होतो आणि बोअरवरचे अवलंबन वाढते. हे पाणी घरात तापवले तरी भांड्याला पांढरा थर धरते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार गरम झाले की जिथे सर्वांत जास्त उष्णता असेल त्या जागी सर्वांत जास्त चिकटतात, म्हणजे इंजिनात नेमके सिलिंडर आणि हेडच्या भिंतींवर. ऊस भरायला गेल्यावर शेतातल्या मोटरीचे पाणी बाटलीने रेडिएटरमध्ये ओतणे ही आमच्या मामांची वर्षानुवर्षांची सवय, आणि त्यांनाच काय म्हणावे, मीही तेच करत आलो. गुऱ्हाळात काहिलीच्या तळाला थर बसला तर जळण जास्त लागते हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. तोच हिशोब इंजिनाला उलट्या बाजूने लागतो, एवढे मात्र सुचले नव्हते.

नळ्यांतून सपाट पट्ट्या एकेक करून घालून थर खरवडणे, ज्याला दुकानात ‘रॉडिंग’ म्हणतात, हे काम सावकाश आणि बघण्यासारखे असते. ते तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरलाच चालते. नव्या गाड्यांतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कोरला प्लॅस्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या असतात, त्या अशा उघडता येत नाहीत, आणि कॉस्टिकसारखा तीव्र क्षार अ‍ॅल्युमिनियमला खाऊन टाकतो. इंजिनासाठी मेस्त्रींनी लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, पाण्यात विरघळवून वापरले. संडास धुण्याचे अ‍ॅसिड ओतणारे लोक आहेत. त्याने थर झटपट निघतो हे खरे, पण धातू आणि डाखही त्याच झटपटीने जातो. सायट्रिक अ‍ॅसिडचे पाणी घालून, तात्पुरता दुसरा रेडिएटर जोडून, इंजिन चालवून गरम केले, बंद केले, पुन्हा निवू दिले आणि मग सोडले. त्यानंतर खाण्याच्या सोड्याचे पातळ पाणी फिरवून उरलेले आम्ल मारले आणि साध्या पाण्याने चार वेळा खळबळून काढले. शेवटची खळबळ डिस्टिल्ड वॉटरची. या मधल्या वेळात पोरांनी कोरच्या पात्यांत अडकलेला उसाच्या पाचटाचा भुसा आणि किडे आतल्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलक्या धारेने काढले. बाहेरून जोरात फवारा मारला असता तर तो आणखी आत बसला असता आणि पाती वाकली असती. सोमवारचा दिवस येथेच संपला.

मंगळवारी भरण्याचे काम. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी स्टोव्हवरच्या पातेल्यात दोरीने लटकवून, शेजारी तापमापक धरून, तो छापलेल्या आकड्याजवळ उघडतो की नाही हे मला दाखवले. मग एक गोष्ट अशी केली की जी मी प्रथमच पाहिली. ब्लॉक कितीही रिकामा केला तरी काही लिटर पाणी आत राहतेच, त्यामुळे बाहेर अर्धेअर्धे मिसळून ओतले तर आत गेल्यावर मिश्रण पातळ होते. मेस्त्रींनी आदल्या दिवशी गाडीत एकूण सुमारे १८ लिटर मावते असे मापले होते. त्याचे निम्मे, ९ लिटर शुद्ध कुलंट, आधी ओतले आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरली. काम संपल्यावर रिफ्रॅक्टोमीटर या प्रमाण मोजण्याच्या साधनाच्या काचेवर थेंब ठेवून पाहिले तेव्हा प्रमाण पन्नास टक्क्यांच्या रेषेवर होते.

बेळगावात पाणी गोठत नाही, मग कुलंटमधले ग्लायकॉल कशाला, असा प्रश्न मी विचारला. गोठणे येथे गौणच आहे. अर्ध्या प्रमाणातल्या ग्लायकॉलने उकळबिंदू समुद्रसपाटीवर दाबाशिवायही १०६-१०७ अंशांच्या घरात जातो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कुलंटमधली गंजरोधक द्रव्ये. ज्या डिझेल इंजिनांत ओले लायनर, म्हणजे बाहेरून थेट पाण्याला टेकलेली सिलिंडरची नळी, असतात, तिथे लायनरच्या कंपनाने पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातूला टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडतात. तिथे या द्रव्यांविना गत्यंतर नाही. उष्णता वाहून नेण्यात मात्र निव्वळ पाणीच सरस आहे, म्हणून पन्नासच्या वर जाण्यात आपल्या हवेत काही लाभ नाही आणि माझ्या मते चाळीस टक्केही पुरले असते. मेस्त्री पन्नासवर अडून बसले, कारण वाटेत कुणी ना कुणी पाणी ओतणारच हे त्यांनी गृहीत धरले होते. यात ते चुकले असे म्हणता येत नाही. कुलंट त्यांनी जुन्या जातीचा, हिरवा, दोन वर्षांनी बदलायचा घेतला; लांब मुदतीचा सेंद्रिय आम्लाचा कुलंट तांब्या-पितळेच्या आणि डाखाच्या जुन्या रेडिएटरला ते वापरत नाहीत. दोन जाती मिसळल्या तर गंजरोधके निकामी होतात आणि कधी आत लापशी होते. रंगावर विसंबू नका, डब्यावरचे वाचा, असे त्यांनी मामांना दोनदा बजावले.

ओतण्याची गती हा या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग आहे. बारीक धारेने, मधूनमधून होज दाबत, गाडीचे नाक चढावर ठेवून भरायचे, कारण आत हवा अडकली तर तिथे पाणी पोहोचत नाही आणि तेवढाच भाग जळतो. त्यातही फसवणूक अशी की काट्याचा सेन्सर हवेत राहिला तर तो उष्णता नीट सांगत नाही. काटा शांत आणि हेड तापलेले, असे घडू शकते. झाकण उघडे ठेवून, थर्मोस्टॅट उघडून वरचा होज हाताला एकदम गरम लागेपर्यंत इंजिन चालू ठेवले, पातळी खाली गेली तशी भरली, मग झाकण लावून एक फेरी काकतीपर्यंत मारली आणि पुन्हा तीन तास निवण्याची वाट पाहून उरलेले पाऊण लिटर त्याच प्रमाणात घातले.

आता उरलेल्या तक्रारी. काम एका दिवसाचे सांगितले होते, दोन दिवस लागले, आणि रॉडिंग लागणार हे दुपारीच दिसत असताना मला संध्याकाळी सहाला कळवले. एका दिवसाचे भाडे बुडाले. नव्या झाकणाचा दाब तपासण्याचे साधन दुकानात नाही. जुन्यावरचा आकडा पाहून त्याच आकड्याचे नवे लावले, एवढेच. सर्वांत खटकले ते सांडपाणी. पहिले पाणी पिंपात गेले, पण नंतरच्या खळबळीचे सरळ गटारात. ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेल्यास विषारी असते. त्या गटारावर कुत्री आणि मोकाट गुरे तोंड घालताना मी स्वतः पाहिली. पिंप भरल्यावर कुठे जाते, याचे उत्तरही स्पष्ट मिळाले नाही. मजुरी दोनशे रुपयांनी वाढवली तरी चालेल, पण पहिल्या दोन खळबळींचे पाणीही पिंपातच घ्या, असे मी सांगून आलो आहे.

खर्च असा झाला : उतरवणे, रॉडिंग, डाख आणि बसवणे मिळून मजुरी २,२०० रुपये, कुलंट ९ लिटर, २,६१० रुपये, डिस्टिल्ड वॉटर ३० लिटर, ५४० रुपये, थर्मोस्टॅट ६४०, झाकण २१०, वरचा-खालचा होज ८८० आणि चार क्लिपा १६० रुपये. एकूण ७,२४० रुपये. पाऊण तासाच्या फ्लशिंगच्या मानाने हे कितीतरी जास्त वाटते. पण ती दोन फ्लशिंगे आणि घाटात वाया गेलेले दिवस धरले तर मी आधीच याहून अधिक घालवून बसलो होतो. बिल कोऱ्या कागदावर कानडीत मिळाले. पक्के हवे असेल तर आधी सांगावे लागते.

मेस्त्रींनी निघताना एक इशारा दिला होता की, जुना थर निघाला की त्याच्या आधाराने टिकलेल्या जागा पाझरू लागतात, म्हणून पाण्याच्या पंपाखालचे बारीक भोक आणि होजची तोंडे आठ दिवस रोज पाहा. पाचव्या दिवशी खालच्या होजशी थेंब दिसला. क्लिप अर्धा फेरा आवळल्यावर थांबला. पंप कोरडा आहे. त्यानंतर माल भरून तवंदी चार वेळा चढून झाली, त्यातली एक एप्रिलच्या भर दुपारी. काटा मध्याच्या जरा वर जाऊन स्थिर राहिला. पहाटे निघाल्यावर आता काकती यायच्या आतच तो जागेवर येतो.

पंधरा दिवसांनी बोलावल्याप्रमाणे गाडी दाखवून आलो. थेंब पुन्हा काचेवर ठेवून पाहिला, पैसे घेतले नाहीत. रेडिएटरच्या वरच्या टाकीवर मेस्त्रींनी पांढऱ्या रंगाने तारीख आणि खाली ‘५०’ असे लिहिले आहे, आणि मामांच्या सीटमागे आता मोटरीच्या पाण्याच्या बाटलीऐवजी मिसळून ठेवलेला पाच लिटरचा कॅन असतो.